बडनेऱ्याची वर्षाली गोल्फ खेळते

वर्षालीचे वडील देवमन अमरावतीबाहेरच्या एका जुन्या क्लबात गवत राखायचे. बडनेऱ्याजवळची वांग्या-मेथीची वाडी आई पार्बताबाई सांभाळायची. शाळा सुटली की वर्षाली बापाकडे क्लबात जायची आणि मेंबर लोक निघून गेले की कुणीतरी टाकून दिलेल्या काठीनं चेंडू मारत बसायची. चेंडू सरळ जायचा. का जातो, हे तिला कळत नव्हतं. विचारावं तरी कुणाला? त्या मैदानावर खेळणारी बाई कुणी पाहिलेलीच नव्हती.

पुढं हौशी स्पर्धा खेळत ती राज्याच्या संघात आली आणि एकविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडूची परीक्षा पास झाली. पण एकदा व्यावसायिक झालं की हौशी स्पर्धांची दारं बंद. क्लबच्या सेक्रेटरींनी समजावलं, "राज्याच्या संघात आहेस, त्यावर नोकरी लागेल. घाई कशाला?" तिनं ऐकून घेतलं आणि व्यावसायिक होण्याच्या फॉर्मवर सही केली.

पुढची चार वर्षं वाईट गेली. स्पर्धा तीन दिवसांची असते, पण मागे पडलेल्यांना दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतात. वर्षाली दर वेळी दुसऱ्या संध्याकाळी परतीची गाडी पकडायची. अकोल्याच्या मावशीनं, चतुराबाईनं, भर पंगतीत विचारलं, "काय व, थे चेंडू मारनं अजून सुरूच हाय का? नोकरी काहून नाई पायत?" वर्षाली हसली आणि ताटातला भात कालवत राहिली.

देवमन गेले त्याच्या पुढच्या वर्षी नागपूरला स्पर्धा लागली. जवळ म्हणून आई पहिल्यांदाच बघायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षालीची बॅग वाहणारा माणूस तापानं फणफणला.

"आता हे कोन उचलते?" पार्बताबाईनं विचारलं.

"पायतो कोनी भेटते का."

"काहून? मी काय मेली का?"

लुगडं खोचून, पायात नवे कॅनव्हासचे बूट घालून ती लेकीच्या मागं चालू लागली. बाकीच्या खेळाडू बघत राहिल्या. वर्षालीला आधी लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली.

चौदाव्या होलला चेंडू भोकापासून आठ-दहा पावलांवर थांबला. पार्बताबाई वाकून गवत पाहत म्हणाली, "उतार उजवीकडं हाय."

"डावीकडं हाय, माय. मले दिसते नं."

"इथं पानी सोडलं अस्तं तं उजवीकडं गेलं अस्तं."

वर्षालीनं आपल्या मनानं मारलं. चेंडू उजवीकडं वळला आणि भोकाला वळसा घालून पुढं गेला. आईनं पदरानं काठी पुसली, बॅगेत ठेवली आणि चालू लागली. तिनं बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं वर्षालीला वाटलं.

पुढच्या होलला ती चेंडूमागं उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "माय, पानी कुठं जाईन?"

त्या दिवशी ती एका फटक्यानं वाचली. तिसऱ्या दिवशी खेळून बाविसावी आली. भिंतीवर लावलेल्या छापील यादीत पार्बताबाईनं बोट ठेवत ठेवत लेकीचं नाव शोधलं आणि तिथंच बराच वेळ उभी राहिली.

गुडघे चालले तोवर, दोन वर्षं, तिनं बॅग वाहिली. वर्षाली एकूण अकरा वर्षं खेळली. एकदा दुसरी आली, पहिली कधीच नाही. आता ती अकोल्यात एका शाळेच्या मैदानावर सहा मुलींना शिकवते.

त्यातल्या चंदानं परवा विचारलं, "ताई, तुमी कदीच जिंकल्या नाई?"

"नाई."

"मंग इतके वर्स खेळल्या कायले?"

मोठं काही सांगावं असं वर्षालीला वाटलं, पण ते खरं नसतं.

"हारून घरी आली का दुसऱ्या दिवशी पुना माराव वाटे," ती म्हणाली. "बस. आता पाय जुळव अन् मार."