दुकान वाढवताना

माझा आवाज मूळचा आनंदी नाही. धंद्यासाठी तो तसा करून घेतला आहे. साड्यांचा सेल असो की परतवाड्यातलं ट्रॅक्टरचं शोरूम, सगळं मी करवलीसारखं हसत सांगायचे. रिक्षावरच्या भोंग्यातून तो आवाज अमरावती-अकोल्याच्या गल्लीबोळांत फिरायचा. मग बाजार थंडावला. दुकानदारांनी सगळ्यांत आधी जाहिराती थांबवल्या, आणि ज्यांनी थांबवल्या नाहीत त्यांना कॉम्प्युटरमधली, चहासुद्धा न मागणारी बाई मिळाली. नवरा म्हणाला, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर ओळखीच्या डॉक्टरांकडे काउंटरवर जागा आहे. तो चांगल्या मनानं म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं. मला आवाजावरच जगायचं होतं. तेवढा एकच हट्ट उरला होता.

अशात अकोल्याच्या एका शेठजींचा फोन आला. माझी पहिली जाहिरात त्यांच्याच साड्यांच्या दुकानाची. एसटीनं गेले. स्टुडिओ म्हणजे फोटोवाल्याच्या दुकानामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पंख्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून तोही बंद. घाम पुसत कागद वाचला: 'दुकान कायमचे बंद करणे आहे.' मजकूर शेठजींच्या मुलानं लिहिला होता. शेठजींनी कागद हातातून काढून घेतला.

"बंद नका म्हनू बाई," ते म्हणाले. "दुकान कोनी बंद करते काय? दुकान वाढवते. आमचे बाबूजी रोज वाढवत, मी बी वाढवतो. आता जाताजाता काहून अभद्र बोलायचं?"

मला पटलं. आमच्या घरीही दिवा विझवत नसत, वाढवत. फुटलेली बांगडीसुद्धा वाढवलेली असे. मी माइकसमोर उभी राहिले आणि सवयीनं हसून सांगितलं, "आम्ही दुकान वाढवत आहोत! प्रत्येक साडीवर भरघोस सूट!"

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन.

"बाई, लोकं मले पेढे मागून राहिले. एक जन तर हार घेऊन आला. म्हने, वरचा मजला चढवता का बाजूचा गाळा घेता?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"त्याले समजावता समजावता मले रडूच आलं," ते म्हणाले. "पुन्हा या. बंदच म्हना. आन हसू नका."

पुन्हा गेले. हसू काढून घेतल्यावर माझ्या आवाजात काय उरतं हे मलाच माहीत नव्हतं. मी 'बंद' म्हणाले तेव्हा शेठजी काचेपलीकडे पाठ फिरवून उभे होते. एका दमात काम झालं. मला फार वाईट वाटत होतं, आणि काम झकास उतरल्याचं समाधानही होतं. दोन्ही खरं.

त्या रेकॉर्डिंगची वाहवा झाली. भांड्यांचं दुकान, चपलांचं दुकान, तिवशाचं कापड दुकान, सगळ्यांना तसंच हवं होतं. ते माझ्याकडे आले नाहीत, स्टुडिओवाल्याकडे गेले. माझा आवाज तसाच ठेवून दुकानाचं नाव तेवढं कॉम्प्युटरनं बदलता येतं म्हणे. मी जाऊन भांडले.

"काहून चिडता ताई?" तो म्हणाला. "तुमचाच आवाज हाय न? तुमचंच नाव होऊन राहिलं."

भोंग्यातल्या बाईला नाव असतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दिवाळीनंतर मी अमरावतीच्या त्या दवाखान्यात बसू लागले. एका सकाळी समोरच्या रस्त्यानं रिक्षा गेली. माझा आवाज कुठलीशी बेकरी कायमची बंद करत होता. सिस्टरनं कान दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा तर तुमचा आवाज. लय जोरात चालू हाय न तुमचं काम," ती कौतुकानं म्हणाली. "मंग इथं काहून बसता?"

रिक्षा दूर जाईपर्यंत मी थांबले. मग पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.