चेहरा धुऊन देणारे काका

गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की काका आधी खिशातून रुमाल काढायचे आणि कॉम्प्युटरची काच पुसायचे. काच स्वच्छ असली तरी पुसायचे. मग गिऱ्हाइकाचा फोटो मोठा करून म्हणायचे, "काही तकलीफ नाही. चेहरा धुऊन देतो."

धुऊन देतो म्हणजे काय, ते तुम्हीही पाहिलेलं आहे. फाट्यावर वाढदिवसाचं बॅनर लागतं. त्यावरचा माणूस आणि त्याच बॅनरखाली पानटपरीवर उभा असलेला तोच माणूस, यांच्या रंगात जो फरक असतो, तो आमच्यासारख्या दुकानांतून होतो. मुरमं जातात, डोळ्यांखालचं काळं जातं, उन्हात रापलेला गळा आणि कपाळ एका रंगाचे होतात. कोट नसेल तर कोट चढतो. आमच्या कॉम्प्युटरमध्ये असे पुष्कळ कोट आहेत. नुसते कोट, आत माणूस नसलेले.

दुकान हिंगोलीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पाटीवर ग्राफिक्स स्टुडिओ असं लिहिलेलं आहे, पण लोक 'बॅनरवाले काका' एवढंच म्हणतात. मी इथली नाही. माझं माहेर गुहागरकडे, समुद्राजवळ. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडे आले. मिस्टर टायरच्या दुकानात काम करतात. पहिलं वर्ष मी घरातच बसून होते. इथलं ऊन सोसायचं नाही आणि शेजारणी "काहून बोलत न्हाईस गं?" म्हणाल्या की तेही निम्मं कळायचं नाही.

काम मागायला गेले तेव्हा शिक्षण विचारतील या धास्तीनं मी दहावी सांगायचं ठरवून गेले होते. काकांनी विचारलंच नाही.

"माउस धरला कधी?"

"नाही."

"भाकर थापते?"

"थापते."

"मग झालं. हात हलका पाहिजे. बाकीचं कॉम्प्युटर करून राहिला."

मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. मी चित्रं बघून बटणं ओळखत होते आणि त्यांच्यापासून लपवत होते. ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हातोडीवर हातोडी लिहिलेलं असतं का?" आणि चहा सांगायला बाहेर गेले. या एका वाक्यावर मी आजपर्यंत तिथं टिकून आहे, असं म्हटलं तरी चालेल.

कामं नाना तऱ्हेची यायची. लग्नपत्रिका, शाळेच्या गॅदरिंगची निमंत्रणं, शेळीपालनाचे बोर्ड. वसमतकडचा एक शेतकरी घरची हळद दळून विकायचा, त्याचं पाकीट करायला आला. बरोबर हळद आणली होती. काकांनी ती तळहातावर घेऊन पडद्याशेजारी धरली, रंग बराबर जुळवला. तरी तो म्हणाला, "अजून थोडी पिवळी करा."

"याच्यापुढं गेलो तर लोक कावीळ म्हणतील," काका म्हणाले.

एकदा वाढदिवसाचं बॅनर छापून लागलं आणि त्याच संध्याकाळी त्यातल्या एका शुभेच्छुकाचं आणि वाढदिवसवाल्याचं वाजलं. रात्रीत नवा मित्र आला. काका स्वतः शिडीवर चढले आणि जुन्या चेहऱ्यावर नवा चेहरा चिकटवून आले. खाली उतरून मला म्हणाले, "माणूस बदलला, कोट तोच ठेवला. फुकट काहून घालवायचा?"

पण गेलेल्या माणसाचा फोटो आला की ते दुसरेच काका व्हायचे. मोबाइलवरचं गाणं बंद करायचे. आणलेल्या माणसाला हळूच विचारायचे, "हसायचे का?" हसायचे म्हटलं तर ओठांच्या कडा केसभर वर न्यायचे. ती कामं ते मला देत नसत.

मागच्या उन्हाळ्यात हट्ट्याकडच्या एका गावातून एक तरणा मुलगा आला. घर मेंढरं राखणारं. त्याची आजी गेली होती आणि तेरवीला बॅनर लावायचं होतं. फोटो म्हणून त्यानं आजीचं आधार कार्ड आणलं. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, खिशात वाकलेलं. त्या बोटभर फोटोवर कपाळाला आणि हनुवटीला काळपट फराटे होते.

"कार्डावर डाग पडलेत," काका म्हणाले. "काढून टाकतो."

"काढा," मुलगा म्हणाला.

काकांनी दुपारभर बसून आजी धुतली. अंधूक फोटोतून डोळे वर काढले, सुरकुत्या मऊ केल्या, हिरवं लुगडं नेसवलं. काम झाल्यावर मला बोलावून दाखवलं. आजी सुंदर दिसत होती. मी तसं म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा परत आला. बरोबर त्याचा आजा होता. डोक्याला फेटा, काखेत गुंडाळलेलं बॅनर. म्हाताऱ्यानं ते दुकानाच्या फरशीवर उलगडलं, चार कोपऱ्यांना हातानं दाबून सपाट केलं आणि विचारलं, "साहेब, ही कोण हाय?"

"बाबा, तुमच्या घरच्या…" काका म्हणाले.

"आमची गोंदलेली व्हती." त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं, मग हनुवटीला. "मेल्यावर बाईमाणसासंगं तेवढंच जातं म्हनत्यात. सोनं न्हाई, लुगडं न्हाई, तेवढंच. तुमी तेबी काढून घेतलं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. काकांच्या हातात रुमाल होता, तो तसाच राहिला. नातू फरशीकडे बघत होता. मला आदल्या दिवशीचं माझंच 'सुंदर' ऐकू येत होतं.

काकांनी घाईनं मूळ फोटो उघडला, मोठा केला. फोटो चौकोनाचौकोनांत फाटला, काळा धूर दिसला. त्यात नक्षी काही कळेना. ते म्हणाले, "तुम्ही सांगा बाबा, कसं होतं. मी जसंच्या तसं काढतो."

"कपाळाला… ठिपके व्हते."

"गोल का उभे? मधे काही झाड, तुळस?"

बाबांनी पडद्यावरच्या कपाळाजवळ बोट नेलं. बोट तिथं हललं, थांबलं, मागे आलं. पुन्हा नेलं. मग हात मांडीवर ठेवला.

"डोळ्याम्होरं येईना."

काकांनी माउसवरून हात काढला.

"जलमभर बघितलं न्हवं का मी तिला," ते म्हणाले. "पर आता येईना. ती उठून मेंढराम्होरं चालली तेवढी दिसते. पाठमोरी." त्यांनी फेट्याचं टोक ओढून तोंडावर धरलं. "साहेब, मला सांगता आलं न्हाई हे गावात कुणाला सांगू नका."

नातवानं मोबाइल काढून भराभरा फोटो सरकवले. मेंढरं, कुत्रा, गॉगल लावलेला तो स्वतः, पुन्हा मेंढरं. "आजीचा एकबी न्हाई," तो म्हणाला आणि मोबाइल खिशात घातला.

मग त्यालाच आठवलं, आजीची धाकटी बहीण कनेरगाव नाक्याला दिलेली होती. दोघी बहिणी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदून घेतलेल्या, एकसारखं. पण तिच्याकडे जायला बाबा तयार होईनात. "तिला काय सांगू? तुझ्या भैनीचं कपाळ इसरलो म्हनून?"

"तुम्ही काहीच सांगू नका," काका म्हणाले. "पुसलं मी. विचारायचंही मीच."

बॅनर पोचवायची जुनी व्हॅन होती, तीत बसून आम्ही निघालो. बाईच्या चेहऱ्याचे फोटो काढायचे म्हणून मला बरोबर घेतलं. माझ्या आईच्या ओठाजवळ एक तीळ आहे. डावीकडे की उजवीकडे, हे मी वाटभर डोळे मिटून आठवत होते. समुद्र आठवला, आईचा आवाज आठवला, तीळ काही जागेवर थांबेना. फोन करून विचारावं तर काय म्हणून विचारू? तोंड खिडकीकडे करून बसले.

ती धाकटी बहीण, तीही आता आजीच, अंगणात बकरीला पाला घालत होती. काकांनी चपला रस्त्यातच काढल्या. हात जोडून उभे राहिले. "आजी, तुमच्या बहिणीच्या फोटोतलं गोंदण मी पुसलं. डाग समजलो. माफी मागायला आलो आणि तुमचं बघायला आलो."

आजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "फोटोतलंच पुसलं न्हवं? मंग रडून काहून राहिलास? कातड्यावरचं कुनाच्या बापाला पुसत न्हाई." मग ती बाबांकडे वळली. "आन् दाजी, तुमी व्हता की. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

बाबांचे ओठ हलले. तेवढ्यात काका मधे बोलले, "त्यांनी सगळं सांगितलं, आजी. बराबर सांगितलं. मलाच ऐकून काढता येईना. मी बघ्या माणूस, मला बघावं लागतं."

आजी बराच वेळ बाबांकडेच बघत होती. बाबा बकरीकडे बघत होते. शेवटी तिनं पाला खाली टाकला. "व्हय, कारागीरच ठोंब्या असल्यावर सांगनारा काय करील," असं म्हणून ती माझ्यापुढे येऊन बसली आणि पदर मागे सारला.

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. हिरवट निळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके, जसं लहान रोप. हनुवटीवर एक जाडसर ठिपका. मी फोटो काढत होते आणि ती बोलत होती. "तिचं असं सरळ न्हाई बरं का. डावीकडं कललंय. मी रडले पर बसून ऱ्हायले. ती सुई लागताच उठून पळाली. मायनं धरून आनली तवर रेघ वाकडी झाल्ती. लगीन झाल्यावरबी मी तिला वाकड्या कपाळाची म्हनायची."

बाबा मागे उभे राहून ऐकत होते, नवीन कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसे.

परत आल्यावर काका लगेच बसले. गोंदण वाकडं काढलं, पुसट केलं, कातडीत मुरवलं. मग सुरकुत्या परत आणल्या. उन्हाचा रंग परत चढवला, गालावरचा व्रण ठेवला. मला वाटलं ते गमतीनं काही बोलतील. बोलले नाहीत. त्यानंतर 'धुऊन देतो' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. गिऱ्हाइकाला आता ते विचारायचे, "याच्यातलं काय ठेवायचं?" लोकांना प्रश्नच कळायचा नाही.

काका आता दुकानात नाहीत. डोळ्यांचा त्रास वाढला, मुलगा नांदेडला घेऊन गेला. दुकान पुतण्या बघतो, मी आहेच. शिक्षण त्यानंही विचारलेलं नाही, काकांनीच काही सांगून ठेवलं असणार. नवीन मशीन आलंय, चेहरे एका बटणात धुऊन निघतात. मला मात्र काका आठवतात ते आजीच्या तेरवीचे.

बॅनर मांडवाच्या तोंडाशी लागलं होतं. बायका येत होत्या, वर बघून "हीच गं माय" म्हणून पदर डोळ्याला लावत होत्या. काका मांडवात आले नाहीत. व्हॅनला टेकून उभे होते, कोणी जेवायला बोलावलं की "आलोच" म्हणत होते. शेवटी बाबाच गर्दीतून बाहेर आले, काकांचा हात धरला आणि त्यांना बॅनरपुढे नेऊन उभं केलं. मी मागेच होते.

बाबांनी बराच वेळ वर बघितलं. मग काकांच्या अगदी कानाशी जाऊन विचारलं, "साहेब, बराबर हाय का?"

काकांनी त्या बाईला जिवंतपणी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची मान खाली गेली. मीही माझ्या पायांकडे बघत होते.

"बराबर आहे, बाबा."

"मंग बरं झालं," म्हणत तो म्हातारा माणूस वाकला आणि त्यानं काकांच्या पायाला हात लावला. काका मागे सरकू गेले. मागे लोक होते, सरकता येईना. तेव्हा ते तिथंच मातीत खाली बसले, म्हणजे बाबांना आणखी वाकावं लागू नये. बाबाही त्यांच्या शेजारी टेकले. वाढणाऱ्या पोरांना वाटलं दोघं जेवायलाच बसलेत, त्यांनी तिथंच पत्रावळी मांडल्या. काका मान वर न करता जेवत होते. बाबांचा घास हातातच होता आणि ते एकटक बॅनरकडे बघत, कपाळावरची ती वाकडी रेघ पाठ करत होते.