अंगठ्यावर भरलेली कांडी

अंगठा माझा, तोंड माझं, पण काळजी सगळ्या चाळीला. "एवढी घोडी झालीस की, अजून अंगठा चोखतीस?" पाच वर्षांची असताना हे इतक्यांदा ऐकलंय की आजही आठवलं तरी डोकं फिरतं. धाकटा भाऊ झाला आणि आईची कूस त्याच्याकडं गेली. मला उरला अंगठा. कुणाच्या बापाचं काय खात होते मी?

कडुनिंब लावून झाला, मिरची लावून झाली. मी मिरचीसकट चोखला. मग आत्या आईला म्हणाली, "दात पुढं आल्यावर हिला कोण पदरात घेणार?" ते आईला लई लागलं. तेव्हा सोलापुरात घरोघर बायका रहाटावर कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी. सैल भरली तर सूत गुंततं, म्हणून आईचा हात घट्टच चालायचा. तिनं माझा अंगठा धरला आणि चादरीच्या सुतानं नखापासून बुडापर्यंत कांडी भरली. टोक आत खोचलं. "सोडलंस तर कुंभारीला मावशीकडं धाडीन. तितंच ऱ्हा मग."

भरलेल्या कांड्या कारखान्यात पोचवायला ती भावाला काखोटीला मारून निघाली. बाहेरनं कडी घातली. थोड्या वेळानं अंगठा ठणकायला लागला. आधी लाल झाला, मग जांभळा. रडावं तर शेजारीण येऊन सोडणार, सोडलं तर कुंभारी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दाराला पाठ लावून मी बसून राहिले. अंगठा आता गळून पडणार असं मला खरंच वाटलं, आणि पडला तरी आईला कळू द्यायचं नाही असंही ठरवलं. आईविना राहायची भीती ठणक्याहून मोठी होती.

आई आली, हात बघितला आणि सूत सोडायला बसली. टोक सापडेना. सूत सुजेत रुतलेलं, कात्री शिरेना. शेवटी तिनं अंगठा तोंडात घेतला आणि दातांनी टोक शोधायला लागली. जमिनीवर टाकलेला भाऊ टाहो फोडत होता, तिनं वळूनही बघितलं नाही. एकेक फेर सुटत गेला. सूत तिच्या हनुवटीवरून लोंबत खाली आलं.

सगळं सुटलं तरी तिनं अंगठा सोडला नाही. माझं मनगट दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, ती तो चोखत बसली.