थर्मासमधले जिवंत किडे: पुणे–कोल्हापूर–पुणे

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात. मी गेले होते मेंढीच्या यकृतातले किडे आणायला, आणि परत आले ती डोक्यात राख घालून. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. लिव्हर फ्लूक हा पानासारखा चपटा किडा. त्याच्या पेशींच्या पडद्यावर काही प्रथिनं असतात. सिरोटोनिन हे संदेश पोचवणारं रसायन तिथे येऊन बसलं की किडा वळवळतो. ती प्रथिनं ओळखता आली तर त्यांना गप्प करणारं औषधही शोधता येईल, अशी आशा. त्यासाठी मागवलेलं, कुठे चिकटलं ते मोजता येईल असं खुणेचं, किरणोत्सारी सिरोटोनिन परदेशातून यायला आठ महिने लागले, आणि आलं तेव्हा त्याची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. पुण्यात किडे मिळेनात. मग स्वारगेटहून एसटी पकडली.

सात तासांचा रस्ता, खंबाटकीत गाडी तापलीच. कराडच्या स्टँडवर चहा प्या, वड्याच्या वाटेला जाऊ नका. कत्तलखाना पहाटे सुरू होतो, म्हणून मुक्काम आदल्या दिवशी हवा. मी शिवाजी पेठेत मावशीकडे उतरले.

पहाटे दत्तूमामा खाटकांनी यकृत चिरून त्यातल्या पित्ताच्या नळ्यांतले किडे बोटांनी अलगद काढले. माझ्या थर्मासमधल्या मिठाच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवलं.

"पानी लई ऊन हाय, बाई. जिती पाहिजेत न्हवं? शिजतील की!"

मी चकित झाले. मी काहीच समजावलं नव्हतं.

परतीच्या गाडीआधी एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना भेटायचं होतं. माझ्या गाइडचे ते मित्र. "जेवल्याशिवाय जायचं नाही," म्हणत त्यांनी घरी नेलं. थर्मास विभागात टेबलावर राहिला, ही माझी चूक. पांढरा रस्सा झकास होता, पण त्याची चव आजही कडू लागते.

परत आले तर किडे मेलेले, काचांमध्ये चपटे दाबून, नमुने टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये! जेवायला निघतानाच सरांनी विभागातल्या मदतनिसाला तसं सांगून ठेवलं होतं. त्या विभागाची रीतच ती: हाती लागेल ते आधी फॉर्मालिनमध्ये, विचारायचं नंतर.

"बघ, नमुने कसे सुरेख झालेत!"

"सर, त्यांची प्रथिनं गोठली! आता त्यांच्यावर काही बसणार नाही. मला विचारायचं तरी!"

"अगं, पस्तीस वर्षं किडे हाताळतोय मी. तू मला शिकवणार?"

मी बरणी तिथेच आपटली आणि निघाले. रिक्षात संतापाने रडले.

दुसऱ्या पहाटे पुन्हा कत्तलखाना. दत्तूमामांना सगळं सांगितलं.

"शिकल्याली मान्सं, आन् इचारत न्हाईत व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी सुरी उचलली. या खेपेला थर्मास पुण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

प्रयोग जमला. खुणेचं सिरोटोनिन पडद्याला जाऊन चिकटलं. ती प्रथिनं तिथे होती!

शोधनिबंधात आभार मानायची वेळ आली तेव्हा गाइडनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नमुने पुरवल्याबद्दल' त्या सरांचे आभार. मी दत्तूमामांचं नाव सुचवलं.

"खाटकाचं? लोक हसतील."

मी गप्प बसले. सरांवरचा राग कधीच ओसरला. स्वतःवरचा जात नाही. म्हणून आज इथे लिहिते: किडे दत्तूमामांनी दिले होते. दोन्ही वेळा.