कम्प्युटरची शिट्टी

आमच्या कार्यालयात पहिला कम्प्युटर आला आणि दोन महिन्यांत मला वेडी ठरवण्यात आलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळू दे की, माझी ना नाही. पण त्याआधी कुणीतरी एकदा ‘आमचं चुकलं’ म्हणायला हवं होतं. ज्यांनी म्हणायचं ते दोघेही आता या जगात नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात मी टायपिस्ट होते. वय चोवीस. भरती कित्येक वर्षं बंद होती, त्यामुळे माझ्या खालोखाल तरुण म्हणावं असं जे माणूस होतं ते बेचाळीस वर्षांचं. कम्प्युटर येणार हे कळल्याबरोबर मी सीताबर्डीवरच्या एका क्लासला नाव घातलं आणि सहा महिने सायकल हाणत संध्याकाळी तिथे जाऊन शिकले. मशीन आलं तेव्हा ते सुरू कसं करायचं हे अख्ख्या इमारतीत एकट्या मला ठाऊक होतं. म्हणून मला त्याच्यासमोर बसवलं. तीन महिने काम बघायचं आणि मग ऑपरेटर म्हणून ऑर्डर काढायची, असं ठरलं.

ती ऑर्डर मला हवी होती. टायपिंगच्या खोलीत दुसऱ्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं बडवायचं, चूक त्यांची असली तरी बोलणी आपण खायची. इथे मात्र लोक मला विचारायला येत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही विचारत होतं.

कम्प्युटरच्या खोलीचा थाटच वेगळा होता. जाड पडदे, एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. ऑक्टोबरचं ऊन तापलं की ज्याला त्याला त्या खोलीत काहीतरी काम निघायचं. सगळ्यात जास्त काम आमच्या बडेबाबूंना निघे. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, अंगाने भरलेले, गालात कायम पान. मनाने वाईट नव्हते, असं सगळे म्हणत. मीही तेव्हा म्हणायचे.

खंडेनवमीला कार्यालयातल्या यंत्रांची पूजा दरवर्षी बडेबाबूच करत. टाइपरायटर, सायक्लोस्टाइलचं मशीन, साहेबांची जीप, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी मान अर्थातच कम्प्युटरचा. मी सकाळीच मशीन बंद करून वर कापड घातलं होतं. बडेबाबूंनी ते काढायला लावलं.

“अवं, बंद मशीनची पूजा करतेत का? साहेबाले चालू दिसली पाहिजे. लाव.”

मी लावलं. साहेब यायला तास लागला. तोवर मॉनिटर चांगला तापला होता. साहेब आले, हात जोडून उभे राहिले आणि बडेबाबूंनी तांब्यात फूल बुडवून मॉनिटरवर पाणी शिंपडायला सुरुवात केली. एकदा नाही, तीनदा.

“बडेबाबू, वरून जाळी हाय त्याले. पानी आत जाऊन राहिलं,” मी म्हटलं.

“देवाच्या पान्यानं काही होत नाही. तू बाजूले हो बरं.”

त्यामागून कुंकू घातलेल्या अक्षता पडल्या. साहेबांनीही मूठभर टाकल्या. नारळ फुटला, पेढे वाटले. मशीन चालूच होतं, पडद्यावर हिरवी अक्षरं दिसत होती. म्हणजे मीच मूर्ख ठरले.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मशीन सुरू केलं आणि कानात सुई घुसावी तसा आवाज आला. बारीक, सरळ, न थांबणारा. शिट्टीसारखा म्हणावं तर शिट्टी वाजवणारा कधीतरी श्वास घेतो. हा घेतच नव्हता. तासाभरात कपाळ ठणकायला लागलं. दुपारी डबा उघडला तर जेवण जाईना.

मी बडेबाबूंना बोलावलं. ते आले, मॉनिटरला कान लावून उभे राहिले, एक कान झाला, दुसरा लावला.

“मले तं काहीच आयकू नाही येऊन राहिलं.”

साहेबांनाही येईना. मग एकेक करून सगळं कार्यालय आलं. कान लावायचा, मान हलवायची, माझ्याकडे बघायचं आणि एसीची हवा खात पाच मिनिटं उभं राहायचं. एकालाही ऐकू आलं नाही. एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लग्न लांबलं की असं होतं. दुसरीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकायला सांगितलं. बडेबाबूंनी कानात घालायला कापसाचे बोळे आणून दिले, तेही सगळ्यांसमोर, हसत हसत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोळे मी टोपलीत टाकले.

मग मी ठरवलं, आपणच शोधायचं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असे. पहिल्या दिवशी एसी बंद केला. आवाज तसाच. स्टॅबिलायझर काढून पाहिला, तरी तसाच. प्रिंटरची वायर काढली, कीबोर्ड काढला. कम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरायचा, पण ते जाडं घरघरणं वेगळं, ही सुई वेगळी. शेवटी डबा बंद ठेवून नुसता मॉनिटर लावला. आली शिट्टी! उजेडाचं बटण कमीजास्त केलं, फरक नाही. मॉनिटरच्या मागच्या बाजूला डावीकडे तळहात दाबून धरला तेव्हा आवाज किंचित बदलला. हात काढला की पुन्हा तोच. हे सगळं मी वहीत लिहून साहेबांकडे नेलं. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

“बाई, मशीन काम करतंय ना? मग तुमची अडचण काय आहे?”

त्याच आठवड्यात बडेबाबूंनी फाइलवर टिपणी लिहिली. ती टाइप करायला टायपिंगच्या खोलीत गेली, म्हणून मला कळली. ‘सदर कर्मचाऱ्यास यंत्रातून शिट्टी येत असल्याचा भास होतो. सबब प्रकृतीची तपासणी होणे इष्ट.’ भास! चार दिवस हातपाय घाण करून दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं, आणि हे म्हणे भास. त्या दिवशी मी कंपनीच्या नावे तक्रारीचं पत्र स्वतः तयार केलं आणि साहेबांच्या सहीच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवून दिलं. साहेब न वाचता सही करतात हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पत्र सही होऊन गेलं.

पंधरा दिवसांनी मुंबईहून कंपनीचा इंजिनियर आला. पंचेचाळिशीचा, टापटीप, अबोल माणूस. मॉनिटरजवळ कान नेऊन म्हणाला, “मला ऐकू येत नाही.” माझा धीरच सुटला. पण तो पुढे म्हणाला, “माझ्या वयाला येणारही नाही. फार बारीक आवाज वयाबरोबर ऐकू येईनासे होतात. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. मी मॉनिटर चालू-बंद करतो. तुम्ही फक्त सांगा.”

अख्खं कार्यालय गोळा झालं. मी शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. मागे बटणाचा खटका व्हायचा आणि मी सांगायचे, चालू. बंद. चालू. मध्येच त्याने पटकन दोनदा खटका केला आणि मशीन होतं तसंच ठेवलं. मी म्हटलं, “चालूच आहे, फसवू नका.” मागे कुणीतरी “बाप रे” म्हणालं. कितीतरी वेळ हा खेळ चालला, मी एकदाही चुकले नाही. वळले तेव्हा लोक माझ्याकडे नव्हे, बडेबाबूंकडे बघत होते. मला आनंद झाला, कशाला खोटं बोलू? फार आनंद झाला.

इंजिनियरने मॉनिटर उघडला. आत मागच्या बाजूला, डावीकडेच, कुंकवाचे वाळलेले ओघळ आणि सात-आठ तांदळाचे दाणे. त्याखालच्या कॉइलच्या काळ्या गाभ्याला केसासारखी चीर गेली होती. तापलेल्यावर गार पाणी पडलं की हा गाभा तडकतो आणि मग थरथरून वाजतो, असं त्याने समजावून सांगितलं. बडेबाबूंनी तांदूळ वेचून कपाळाला लावले आणि खिशात ठेवले.

माझ्या मते गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण साहेबांनी इंजिनियरला आपल्या खोलीत नेलं, सोबत बडेबाबू. दोष पाण्याने झाला असं अहवालात आलं तर कंपनी मॉनिटर बदलून देणार नव्हती, आणि पाणी कुणी घातलं, कोण हात जोडून उभं होतं, याचा खुलासा साहेबांना वर द्यावा लागला असता. तासाभराने इंजिनियर बाहेर आला. माझ्याकडे न बघता बॅग भरून निघून गेला. अहवालात लिहिलं होतं, यंत्र सुस्थितीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. आवाज अगदी मऊ होता.

“तुमचं म्हणणं खरं निघालं. आवाज आहे. आणि त्याचा त्रास तुम्हालाच होतो. मग ज्यांना तो ऐकू येत नाही त्यांनी तिथे बसावं, हेच बरं नाही का?”

म्हणजे कम्प्युटरवर बडेबाबू! ज्याला ‘ए’ शोधायला पाच मिनिटं लागायची तो माणूस! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी उभ्या उभ्या पाहिलं. मी म्हटलं, “माझ्या ऑर्डरचं काय?” साहेब म्हणाले, टायपिंगची जागा तर आहेच तुमची, ती कुठे जाते?

बाहेर बडेबाबूंनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने संगणकाचे काम सोडत आहे.’ खाली माझं नाव टाइप केलेलं.

“कर वं बेटा सही,” ते हळूच म्हणाले. “तू वर तक्रार केली तं माही पेन्शन अडकन. दोन वर्षं रायले. तुह्यापाशी तं सारी उमर पडली हाय.”

मी काय काय बोलू शकले असते, ते मी इतक्या वर्षांत हजारदा बोलले आहे, भांडी घासताना, बसची वाट बघताना. त्या दिवशी काही बोलले नाही. भास हा शब्द फाइलमध्ये तसाच होता, तो खोडून द्या, एवढंसुद्धा म्हटलं नाही. वडीलधारा माणूस हात जोडून उभा होता, चारचौघे बघत होते, आणि मला लहानपणापासून जे शिकवलं होतं तेच मी केलं. सही केली.

बडेबाबूंनी माझ्यासाठी चहा मागवला. तोही मी प्यायले.