परशूने मला सांगितलं होतं

परशू माझ्याच खळ्यावर गेला, त्यामुळे बातमी कुणी आणून द्यायची गरज पडली नाही. डोक्यावरचा भाताचा भारा आधी पडला, मग तो. दीड महिना झाला. रामनगरच्या शोकसभेत मी म्हणालो, आजाराचं त्यानं कुणाला कळूच दिलं नाही. ते खोटं होतं.

हा चुलतभाऊ मला कधी आवडला नाही. त्यानं माझा बांध कोरला. मास्तरकीतून निवृत्त झालो त्या दिवशी भर सभेत माझी नक्कल करून गाव हसवलं. मेल्यामुळे तो गोड झालेला नाही... तरी छाती दुखायला लागल्यावर बेळगावला त्यानं मलाच नेलं. त्याच्या घरात, बायको शेवंता धरून, कागद वाचणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. बाकी सगळं आवळत होतं, सुटत होतं. पुढच्या भिंतीचा एक तुकडा तेवढा निपचित. तिथली रक्तवाहिनी तुंबलीय, अँजिओग्राफी करून घ्या, तोवर ओझं उचलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. परतताना बसमध्ये परशू म्हणाला, "दादा, शेवंताला तू सांग. माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. त्याची पायरी मी का चढू, एवढंच डोक्यात.

मग कापणी आली. आमच्याकडे पैरा चालतो: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. जो पैरा चुकवतो, त्याच्या शेतात पुढे कुणी विळा घेऊन येत नाही. माझ्या पाळीला परशू आला, पण बांधावर बसून राहिला. मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय पावणं, जेवायला तरी उठणार न्हवं?" लोक हसले. या वेळी त्याला हसले. मला बरं वाटलं.

"तुला तर ठावं हाय, दादा," एवढंच तो हळू बोलला. टॉवेलची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि भाऱ्याखाली वाकला.

शेवंता अजून त्यालाच बोल लावते. "माझ्यापास्नं लपवलं त्येनं, भावजी. व्हय ना?" परवा तिनं विचारलं. मी "व्हय" म्हणालो.

ती चुंबळ खळ्यातल्या खांबाला अडकवलेली आहे. सोडवत नाही, फेकवत नाही. शेवंताला हे वाचता यायचं नाही. म्हणून छापून आलं की चुंबळ घेऊन मीच तिच्या पायरीवर बसणार आहे, आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे.