दहा अधिक पाच

बोईसरच्या एमआयडीसीत आम्ही कापड रंगवणाऱ्या यंत्रांचे कंट्रोलर बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझे साहेब. साहेब प्रोग्रॅमिंगची सी भाषा माझ्या जन्माआधी शिकले होते, आणि त्यानंतर शिकायचे थांबले होते. प्रोग्रॅममध्ये आकडा दिसला की ते 'डिफाइन' या आज्ञेने त्याला नाव द्यायचे. मी त्याऐवजी 'एनम', म्हणजे आकड्यांना नावं देणाऱ्या यादीचा प्रकार, सुचवला की म्हणायचे, "कॉलेजातली फॅशन."

एका कारखान्यात पाण्याचा दाब कमी झाला. टाकी भरायला दहा मिनिटं पुरेनात. साहेबांनी पाच वाढवली, पण डिफाइनमध्ये पंधरा न लिहिता "10 + 5" लिहिलं. म्हणे, कारण लक्षात राहतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या ऑपरेटरकाकांचा फोन आला. "म्याडम, आधी टाकी निम्म्याच्या वर तरी भरत होती. आता गुडघ्याएवढं पानी हाय न् मशीन कापड फिरवायला लागतं."

"दाब तपासा म्हणावं!" साहेब मागून ओरडले.

"त्यांना सांगा, दाब हाय तेवढाच हाय. तुमचं डोकं तपासा."

मी निरोप शब्दशः पोचवला. इतकं आनंदाचं काम त्या नोकरीत पुन्हा मिळालं नाही.

स्कूटरवरून कारखान्यात गेले आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं दहा सेकंद. मग ट्यूब पेटली. डिफाइन हिशेब करत नाही. नाव दिसेल तिथे लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवतो. पुढे सेकंद काढायला साठने गुणलं होतं. गुणाकार एकट्या पाचाला लागला: दहा अधिक तीनशे.

एनममध्ये तेच "10 + 5" घातलं. तिथे आधी पंधरा होतात, मग गुणाकार. टाकी भरली.

"कंस घातला असता तरी भागलं असतं," साहेब पुटपुटले.

"पण घातला नव्हता ना!"

त्या माजात मी सगळेच आकडे एनममध्ये कोंबले. पंधरा मिनिटांचे मिलिसेकंद, नऊ लाख, लिहिल्याबरोबर प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने एरर फेकला. आमच्या छोट्या चिपवर एनमला एवढा मोठा आकडा पेलेना. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं, जरा उशिराच.

शेवटी तह झाला. भरणे, तापवणे, धुणे या टप्प्यांची नावं एनममध्ये; अवाढव्य आकडे डिफाइनमध्ये, कंसासकट. साहेबांनी तो नियम फळ्यावर लिहिला आणि खाली फक्त स्वतःची सही केली.